गॅलार्डो की नाइन-इलेव्हन? आधी दुरुस्तीचा हिशोब मांडू

वाचकाचं पत्र: ताई, नमस्कार. भोसरी एमआयडीसीत माझं सीएनसी जॉबवर्कचं वर्कशॉप आहे. वय ४६. मशिनांचं कर्ज फिटलंय, मुलीच्या शिक्षणाचे पैसे बाजूला ठेवलेत, आणि आता एकदा तरी खरीखुरी स्पोर्ट्स कार घ्यायची आहे. सगळं मिळून ९० लाखांची तयारी आहे. दोन गाड्या बघून ठेवल्यात. एक २०१० ची लॅम्बोर्गिनी गॅलार्डो एलपी ५६०-४, ई-गिअर, १९,००० किलोमीटर, दिल्ली पासिंग, मी घेतली तर चौथा मालक. मागणी ८५ लाख. दुसरी २०१० चीच पोर्शे ९११ कॅरेरा एस, पीडीके गिअरबॉक्स, ४१,००० किलोमीटर, पुणे पासिंग, एकच मालक. मागणी ६२ लाख. मन गॅलार्डोवर बसलंय. पण एका गॅरेजवाल्यानं तिच्या क्लचचा खर्च नऊ-दहा लाख सांगितला आणि माझी झोप उडाली. डीलर म्हणतो, आतले पार्ट सगळे ऑडीचेच आहेत, काळजी करू नका. दर वर्षी दुरुस्तीला किती धरू? काम कंपनीच्या सर्व्हिस सेंटरलाच द्यायचं की बाहेर चालेल? बायकोची एकच अट आहे: घ्यायची तर घ्या, पण नंतर वर्कशॉपच्या पैशाला हात लावायचा नाही.

उत्तर:

नमस्कार. तुमच्या पत्नीनं घातलेली अटच पहिली धरू, कारण बाकीच्या सगळ्या प्रश्नांची उत्तरं तिच्यातूनच निघतात. वर्कशॉपच्या पैशाला हात लावायचा नसेल तर दुरुस्तीचा पैसा गाडी दारात येण्याआधीच वेगळा निघाला पाहिजे. ८५ लाखांची गॅलार्डो घेतलीत तर हातात उरतात पाच लाख. त्यातच दिल्लीहून नोंदणी इकडे आणायची, महाराष्ट्राचा कर भरायचा, विमा उतरवायचा, आणि बहुतेक टायरही बदलायचे. म्हणजे पहिल्या महिन्यातच खातं रिकामं. त्यानंतर क्लच गेला तर पैसे कुठून येणार, हे तुम्हाला आणि तुमच्या पत्नीलाही ठाऊक आहे. ६२ ची ९११ घेतलीत तर २८ लाख शिल्लक राहतात. या घडीला दोन गाड्यांमधला खरा फरक एवढाच आहे. तो सोडून नुसत्या इंजिनाच्या आवाजावर निर्णय घेऊ नका, एवढी माझी कळकळीची विनंती.

मी वाहनविम्याचे सर्व्हे करते, त्यामुळे अशा गाड्यांची बिलं ओळ न ओळ वाचणं हे माझं रोजचं काम आहे. नव्या मालकांचा हिशोब एकाच ठिकाणी चुकतो. ते गाडीच्या आजच्या किमतीवरून दुरुस्तीचा अंदाज बांधतात. पंधरा वर्षांत गाडीची किंमत निम्म्याच्याही खाली येते, पण तिच्या सुट्या भागांची किंमत उतरत नाही, उलट चढते. हेडलाइट, बंपर, रेडिएटर, क्लच हे सगळं आजच्या दरानं येतं, त्यावर सीमाशुल्क लागतं आणि वर जीएसटी. हा जीएसटी सप्टेंबर २०२५ मध्ये २८ टक्क्यांवरून १८ वर आला, तेवढा दिलासा आहे. पण मूळ पार्टच लाखाच्या घरातला असतो, तेव्हा दहा टक्क्यांनी चित्र बदलत नाही. तुम्ही ८५ लाखांत घेतलेल्या गॅलार्डोची देखभाल कोट्यवधींच्या गाडीचीच राहते.

विम्यावर तर मुळीच विसंबू नका. इतक्या जुन्या गाडीला झीरो डेप्रिसिएशनचं कव्हर सहसा मिळत नाही. ते नसेल तर नियमाप्रमाणे प्लॅस्टिक, रबर, नायलॉनच्या भागांवर ५० टक्के घसारा कापला जातो, फायबरवर ३० टक्के, आणि दहा वर्षांपुढच्या गाडीच्या धातूच्या भागांवरही ५० टक्के. काचेवर कापत नाहीत. म्हणजे पुढचा बंपर फुटला तर अर्धे पैसे तुमच्याच खिशातून जाणार. आणि क्लच झिजला, पंप गेला, सील गळायला लागलं, तर ती झीज आहे, अपघात नाही. त्याचा क्लेमच होत नाही.

आता गॅलार्डोबद्दल. तुमचं मन तिच्यावर का बसलं हे मला कळतं. २००३ ते २०१३ या दहा वर्षांत लॅम्बोर्गिनीनं १४,०२२ गॅलार्डो बनवल्या. २००८ साली आलेल्या एलपी ५६०-४ मध्ये ५.२ लिटरचं व्ही-टेन इंजिन, ५६० अश्वशक्ती आणि चारही चाकांना ताकद. इंजिन म्हणून ते भक्कम आहे. वेळेवर तेल मिळालं तर ते सहसा दगा देत नाही. खर्च इंजिनाच्या मागे बसलेल्या गिअरबॉक्सपाशी आहे.

ई-गिअर हा ऑटोमॅटिक नाही, हे आधी डोक्यात पक्कं बसवा. आत नेहमीचाच मॅन्युअल गिअरबॉक्स आणि नेहमीसारखाच क्लच असतो. फक्त क्लच दाबायचं आणि गिअर टाकायचं काम तुमच्या पायाऐवजी हायड्रॉलिक यंत्रणा करते. गाडी इंच इंच पुढे सरकते तेव्हा ती यंत्रणा क्लच अर्धवट धरून ठेवते, आणि प्लेट घासत राहते. नाशिक फाट्यावर संध्याकाळी सात वाजता जी रांग लागते, तीत वीस मिनिटं सरकत राहणं म्हणजे त्या प्लेटचा जीव घेणं. त्याहून वाईट म्हणजे सोसायटीच्या तळघरातला चढ रिव्हर्समध्ये चढणं. रिव्हर्सचा गिअर उंच, गाडी दीड टनाची, चढ तीव्र. दोन-तीनदा पुढेमागे करून गाडी लावली की जळका वास येतोच. असा रोजचा चढ असलेल्या मालकाचा क्लच आठ-दहा हजार किलोमीटरांत संपलेला मी पाहिलाय, आणि मोकळ्या रस्त्यावर सकाळी गाडी काढणाऱ्याचा तसलाच क्लच त्याच्या तिप्पट चाललेला पाहिलाय. म्हणून १९,००० किलोमीटर या आकड्यावरून क्लचबद्दल काहीच कळत नाही. ते किलोमीटर दिल्लीच्या ट्रॅफिकमधले की यमुना एक्स्प्रेसवेवरचे, यावर सगळं अवलंबून आहे.

पण झीज मोजता येते. गॅलार्डोला कंपनीचं लारा नावाचं डायग्नोस्टिक यंत्र जोडलं की क्लच किती टक्के झिजला ते स्क्रीनवर येतं. हा आकडा लेखी मिळाल्याशिवाय बयाणा देऊ नका. क्लच याआधी कधी बदलला, कुणी बदलला, बिल कुठे आहे, तेही विचारा. ६० टक्के झिजला असेल तर गॅरेजवाल्यानं सांगितलेले नऊ-दहा लाख आजच किमतीतून वजा करून बोलणी करा. तो आकडा अवाच्या सवा नाही. त्यात नुसती प्लेट नसते, बेअरिंग असतं, सील असतात, पुष्कळदा फ्लायव्हीलही असतं, गिअरबॉक्स उतरवण्याची मजुरी असते आणि शेवटी नव्या क्लचचं कॅलिब्रेशन असतं. हे कॅलिब्रेशन नीट झालं नाही तर नवी प्लेटसुद्धा वर्षभरात जाते.

डीलरचं ऑडीचं म्हणणं निम्मं खरं आहे, आणि नेमकं निम्मं खरं असल्यामुळेच माणूस फसतो. लॅम्बोर्गिनी ऑडीच्या ताब्यात आहे, एलपी ५६०-४ आणि ऑडी आर-एट व्ही-टेन यांची इंजिनं भावंडं आहेत, आणि कितीतरी सेन्सर, स्विच, एसीचे भाग, इलेक्ट्रॉनिक पेट्या ऑडी-फोक्सवॅगनच्याच पार्ट नंबरनं येतात. जाणता गॅरेजवाला तिथे तुमचे चांगले पैसे वाचवतो. पण बॉडीचे पत्रे, हेडलाइट, ई-गिअरचे भाग, पुढची नाक उचलणारी लिफ्ट सिस्टीम, आतलं लेदरकाम यांना ऑडीचं दुकान नाही. आणि मोठी बिलं नेमकी याच यादीतून निघतात. त्या लिफ्टचं विचारलंत का? या गाडीला ती आहे की नाही, चालते की नाही, तिचे पुढचे दोन्ही सिलिंडर गळतात का, हे बघाच. पुण्यात ती नसेल तर प्रत्येक स्पीडब्रेकरला पुढचा ओठ घासणार.

दिल्ली पासिंगबद्दल थोडं सावध करते. दिल्लीत पंधरा वर्षांपुढच्या पेट्रोल गाड्यांवर राष्ट्रीय हरित लवादाच्या आदेशानंतर निर्बंध आले, आणि त्या वयाच्या जवळ आलेल्या महागड्या गाड्या इतर राज्यांत स्वस्तात विकल्या जाऊ लागल्या. त्यात बेकायदा काही नाही. मात्र गाडी इकडे आली की मोटार वाहन कायद्याच्या कलम ४७ प्रमाणे बारा महिन्यांच्या आत इथली नोंदणी घ्यावी लागते. त्यासाठी दिल्लीच्या आरटीओची एनओसी लागते, जुना बोजा असेल तर बँकेचं पत्र लागतं, आणि इथला कर भरावा लागतो. आयात गाड्यांवर महाराष्ट्रात हा एकरकमी कर २० टक्के आहे. जुन्या गाडीला वयाप्रमाणे तो कमी होतो, पण कितीवर येतो ते पिंपरी-चिंचवड आरटीओतून आधी काढून घ्या, एजंटच्या तोंडी आकड्यावर जाऊ नका. शिवाय आयातीच्या वेळचं बिल ऑफ एंट्री, म्हणजे सीमाशुल्क भरल्याचा कागद, मागा आणि चेसिस नंबर स्वतःच्या डोळ्यांनी ताडून पाहा. सीमाशुल्क चुकवून आणलेली गाडी निघाली तर ती जप्त होते, आणि तुम्ही चौथे मालक आहात हा बचाव चालत नाही. २०१० ची गाडी म्हणजे पंधरा वर्षांची मुदतही संपलेली असणार. नोंदणीचं नूतनीकरण दोन्ही गाड्यांना लागेल, आयात गाडीला त्याची फी ४०,००० रुपये आणि वर पर्यावरण कर. पोर्शेवाल्यानं हे करून घेतलंय का, तेवढं विचारा.

पोर्शेबद्दल तुम्ही पत्रात फारसं लिहिलेलं नाही, जणू ती दुसऱ्या नंबरची. माझ्या नजरेत तुमच्यासारख्या पहिल्यांदाच या वाटेला आलेल्या माणसासाठी ती पहिली आहे, आणि त्याचं कारण वर्षात आहे. ९११ ची ९९७ ही पिढी २००४-०५ च्या सुमारास आली. तिच्या पहिल्या काही वर्षांच्या इंजिनात मधल्या शाफ्टचं बेअरिंग, ज्याला सगळे आयएमएस म्हणतात, ते फुटून आख्खं इंजिन जाण्याची भीती असायची. सिलिंडरच्या भिंतीला ओरखडे पडण्याच्या तक्रारीही होत्या. २००९ च्या मॉडेलपासून पोर्शेनं इंजिनच नवं दिलं. ते थेट इंजेक्शनचं आहे आणि त्यात तो शाफ्टच नाही. त्यामुळे २०१० ची कॅरेरा एस, ३.८ लिटर, ३८५ अश्वशक्ती, ही त्या कटकटीच्या पलीकडची आहे. कुणी नेटवर वाचून तुम्हाला आयएमएसची भीती घातली तर ऐकून घ्या आणि सोडून द्या.

तिचा पीडीके गिअरबॉक्स दोन क्लचचा आहे, आणि ते क्लच तेलात बुडालेले असतात. ट्रॅफिकमध्ये सरकणं तो सहन करतो. त्याचं तेल ठरल्या मुदतीत बदललं पाहिजे. क्लचच्या तेलाची मुदत साधारण ९०,००० किलोमीटर असते, पण पंधरा वर्षं झालेल्या गाडीत मी किलोमीटरची वाट बघणार नाही, घेतल्याबरोबर बदलून घेईन. या गिअरबॉक्सची दुखणी मुख्यतः आतल्या सेन्सरची. कंपनीकडे एके काळी त्यावर गिअरबॉक्सच बदला एवढंच उत्तर होतं. आता जाणकार गॅरेजं तो उघडून सेन्सर बदलतात. बाकी इग्निशन कॉइलना चिरा जाणं, वॉटर पंप गळणं, हाय प्रेशर फ्युएल पंप कुरकुरणं हे खर्च येतील. ते हजारांपासून लाख-दोन लाखांपर्यंत जातात, पण ते एकेक करून येतात आणि आधी लक्षण दाखवतात.

एक गोष्ट मात्र ९११ च्या मालकांना कुणी सांगत नाही. इंजिन मागे असलं तरी तिचे रेडिएटर पुढे आहेत, बंपरच्या दोन्ही कोपऱ्यांतल्या जाळ्यांमागे, आणि त्यांच्याही पुढे एसीचे कंडेन्सर. रस्त्यावरचा वाळका पाला, गुटख्याची पाकिटं, प्लॅस्टिकच्या पिशव्या त्या जाळीतून आत ओढल्या जातात आणि कंडेन्सरवर चिकटून बसतात. पावसाळ्यात त्याचा ओला लगदा होतो आणि अ‍ॅल्युमिनियम सडायला लागतं. गाडी बघायला जाल तेव्हा मोबाइलचा टॉर्च त्या जाळीत मारून बघा. पाला दिसला तर समजा की वर्षानुवर्षं कुणी बंपर उतरवून साफ केलेलं नाही, आणि जो मालक एवढं करत नाही त्यानं बाकीचं काय केलं असेल हेही तपासा. घेतल्यावर वर्षातून एकदा, पावसाळ्यानंतर, बंपर उतरवून ती जागा साफ करून घ्या. काम फक्त मजुरीचं आहे आणि त्यातून कंडेन्सर आणि रेडिएटर दोन्ही वाचतात.

टायरबाबत दोन्ही गाड्या सारख्याच आहेत. पुढे २३५/३५, मागे २९५/३०, चारही १९ इंची, दोघींचं माप तेच. चांगल्या कंपनीचा संच दीड ते दोन लाखांच्या घरात जातो. टायरच्या कडेवर चार आकडे असतात; २३१८ असेल तर तो २०१८ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला. सहा वर्षांपुढचा टायर कितीही खोल नक्षीचा असो, २०० च्या वेगाचं सामर्थ्य असलेल्या गाडीला तो मी ठेवू देणार नाही. १९,००० किलोमीटर चाललेल्या गाडीवर असेच जुने, टणक झालेले टायर सापडतात, कारण ते झिजलेलेच नसतात.

त्यावरून किलोमीटरचं सांगते. पंधरा वर्षांत १९,००० म्हणजे वर्षाला बाराशे-तेराशे. एवढी कमी चाललेली गाडी नवी राहते असं लोकांना वाटतं. प्रत्यक्षात उभ्या गाडीची सील सुकतात, पेट्रोल शिळं होतं, ब्रेकचं तेल पाणी धरतं, उंदीर वायरिंग कुरतडतात. ४१,००० किलोमीटरची, दर वर्षी सर्व्हिसला गेलेली गाडी मला त्याहून जास्त भरवशाची वाटते. बिलांची फाइल मागा. तारखा सलग आहेत का, कामं नुसती तेलाची आहेत की बुश (सस्पेन्शनच्या सांध्यांतली रबरं), कूलंट, ब्रेक फ्लुइड यांचीही आहेत, हे वाचा.

आता तपासणी. कोणतीही गाडी घ्या, विकणाऱ्यानं सुचवलेल्या गॅरेजमध्ये नाही, तुम्ही निवडलेल्या ठिकाणी ती लिफ्टवर चढवायची. तीस-चाळीस हजार गेले तरी जाऊ द्या. तुम्ही स्वतः तिथे उभे राहा. तुमचं आयुष्य मशिनांत गेलंय, तुम्हाला दिसेल. गाडी वर गेली की आधी खालची प्लॅस्टिकची कव्हरं बघा. स्क्रूच्या जागी केबल टाय लावलेले असतील तर खालचं काम निष्काळजी हातांनी झालंय किंवा गाडी आपटलीय. कव्हर उतरवायला लावा. रबरी पाइपांच्या जोडांवर पांढरट-गुलाबी चुन्यासारखा थर दिसला तर कूलंट हळूहळू पाझरतंय. मागच्या टायरची आतली कड हातानं चाचपा. बाहेरून पाच मिलिमीटर नक्षी आणि आतून तारा दिसायला आलेल्या, असं या गाड्यांत नेहमी होतं. ते अलाइनमेंटचं किंवा झिजलेल्या बुशचं लक्षण असतं. ब्रेकची डिस्क लोखंडी आहे की सिरॅमिक, हेही लिहून घ्या. सिरॅमिक रस्त्यावर पुष्कळ वर्षं टिकते, पण चाक काढताना कुणी तिच्या कडेवर आपटलं आणि टवका उडाला तर एकेक डिस्क लाखांत जाते. तुमच्या वापराला लोखंडीच बरी.

अधिकृत की बाहेर, याचं माझं उत्तर कामागणिक वेगळं आहे. खरेदीआधीची तपासणी, ई-गिअरचं किंवा पीडीकेचं कॅलिब्रेशन, एअरबॅग, चावीचं आणि कंट्रोल युनिटचं कोडिंग, रिकॉलची कामं ही कंपनीच्या सर्व्हिस सेंटरलाच द्या, मजुरी दुप्पट पडली तरी. तेल, फिल्टर, ब्रेक पॅड, बुश, शॉकअप, कॉइल, वॉटर पंप हे चांगलं बाहेरचं गॅरेज तितक्याच नीट करतं, आणि तिथे पार्टसाठी मूळ उत्पादकाचा पर्याय मिळतो. कंपनीच्या डब्यात येणारा पार्ट पुष्कळदा ज्या कारखान्यात बनतो, त्याच कारखान्याच्या स्वतःच्या डब्यात तो बराच स्वस्त असतो. गॅरेज निवडताना नावावर जाऊ नका. पोर्शेसाठी पीविस आणि लॅम्बोर्गिनीसाठी लारा ही कंपन्यांची डायग्नोस्टिक यंत्रं आहेत का, की सगळ्या गाड्यांना चालणारा एकच स्वस्त स्कॅनर आहे, ते विचारा. चाकाचे बोल्ट टॉर्क रेंचनं आवळतात की एअर गननंच ठोकतात ते बघा. बिलावर पार्ट नंबर लिहायला आणि जुना पार्ट परत द्यायला जो तयार नसेल, त्याच्याकडे ही गाडी सोडू नका. आणि लॅम्बोर्गिनीच्या बाबतीत हे लक्षात घ्या की अधिकृत काम म्हणजे प्रत्येक वेळी फ्लॅटबेडवरून मुंबई.

तुमचा मुख्य प्रश्न, वर्षाला किती. ९११ साठी मी वर्षाला तीन ते चार लाख धरेन, टायर आणि विमा वेगळा, आणि शिवाय आठ-दहा लाखांची एक ठेव, जी अचानक आलेल्या मोठ्या कामाशिवाय मोडायची नाही. पहिल्या वर्षी जरा जास्त जातील, कारण सगळी तेलं, प्लग, ब्रेक फ्लुइड, बेल्ट, बॅटरी आपण नव्यानं करून घेणार. गॅलार्डोसाठी वर्षाला सात-आठ लाख आणि ठेव वीस लाखांची. एखाद्या वर्षी लाखभरातही भागेल, पण म्हणून उरलेले पैसे दुसरीकडे वळवू नका. क्लचचं वर्ष येतंच. हे माझे अंदाज आहेत, बिलं बघून बनलेले. दोन गॅरेजांची कोटेशनं घेऊन तुम्ही ते पक्के करा. ६२ अधिक नोंदणी, विमा, टायर, पहिल्या वर्षाची कामं आणि ठेव, हे सगळं धरून ९११ तुमच्या ९० लाखांत आरामात बसते, आणि पत्नीला दिलेला शब्द राहतो.

काही सवयींनी मात्र दोन्ही गाड्यांचा खर्च खरंच कमी होतो. बॅटरीला कायम ट्रिकल चार्जर, म्हणजे हळूहळू चार्ज करत राहणारा चार्जर, लावून ठेवा. ९११ ची बॅटरी पुढच्या डिकीत आहे आणि ती डिकी विजेवर उघडते, म्हणजे बॅटरी उतरली की बॅटरीपर्यंत पोचायची वाटच बंद. पायाशी असलेल्या फ्यूजबॉक्समधून बाहेरून वीज देऊन ती कशी उघडायची, हे घेतानाच मालकाकडून करून दाखवून घ्या. पेट्रोल २० टक्के इथेनॉलचं भरू नका. २०१० च्या या गाड्या त्यासाठी बनलेल्या नाहीत, आणि उभ्या गाडीत ते पाणी धरतं. इंडियन ऑइलचं इथेनॉल नसलेलं एक्सपी १०० पेट्रोल पुण्यात काही पंपांवर मिळतं, साध्यापेक्षा दीडपट महाग आहे, पण वर्षाला तीन हजार किलोमीटर चालवणाऱ्याला तो फरक जड नाही. तेल किलोमीटरवर नाही, कॅलेंडरवर बदला, दर वर्षी. ब्रेक फ्लुइड दर दोन वर्षांनी. आणि पावसाळ्यात, पाणी साचलेल्या रस्त्यावर गाडी नेऊच नका. इंजिनात पाणी शिरून ते बसलं तर ज्यांच्याकडे इंजिनाचं वेगळं कव्हर नाही त्यांचा क्लेम मला नाकारावा लागतो, आणि ते लिहिताना मला फार वाईट वाटतं.

हे सगळं वाचूनही मन गॅलार्डोवरच राहिलं तर मी तुम्हाला नाही म्हणणार नाही. एवढ्या वर्षांच्या कष्टाचा पैसा आहे, आवड तुमची आहे. पण मग ही गॅलार्डो नको आणि आज नको. आणखी वीस-पंचवीस लाख जमेपर्यंत थांबा, किंवा ६५-७० लाखांत बसणारी, महाराष्ट्र पासिंगची, क्लच नुकताच बदलल्याचं बिल असलेली शोधा. घरी लावायची जागा सपाट आहे का तेही बघा. तळघराचा चढ असेल तर वर्कशॉपच्या शेडमध्ये जागा करा.

तूर्त एवढं करा. पोर्शेच्या मालकाकडून फाइलची सगळी पानं मोबाइलवर मागवा आणि तपासणीची तारीख ठरवा. विकणारा तपासणीला टाळाटाळ करायला लागला तर तिथेच थांबा. अहवाल आला की मला पाठवा. त्यात कूलंटचा पाझर, मागच्या टायरची आतली कड आणि पीडीकेचे नोंदलेले फॉल्ट या तीन गोष्टी मी आधी बघेन, आणि त्यावरून ६२ मधले किती कमी करून मागायचे ते आपण मिळून ठरवू.